अनुभव धागा : अर्थ बदललेले शब्द आणि त्यावरून पेटणारे वाद

चिमणपुरा_पेठ
अजिंक्यताऱ्याच्या वेढ्याबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात 'बादशहाने किल्ल्यास मोर्चे लाविले' असं वाक्य आहे आणि खाली हाणामारी सुरू आहे. 'औरंगजेबाने काय कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता? आधी मराठी शिका.' शाळेत बखरीतला उतारा आला की वर्गात हाच प्रश्न हमखास निघायचा, ते आठवलं म्हणून धागा काढतोय.

मोर्चा हा फारसी 'मोर्चाल'पासूनचा. खंदक खणायचा, मातीचा बांध घालायचा आणि त्याआडून तोफा-बंदुका रोखून बसायचं. ती बसायची जागा म्हणजे मोर्चा. साताऱ्याला वेढा पडला डिसेंबर १६९९ मध्ये, किल्ला गेला एप्रिल १७०० मध्ये, आणि बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. तेवढ्या काळात मोर्चे लावले, पुढे सरकवले, उठवले, अशीच भाषा असणार. घोषणा देत चालणारा मोर्चा फार नंतरचा. मधला दुवा अजून आपल्या तोंडात आहे: 'त्याने आपला मोर्चा जिलेबीकडे वळवला.' इथे वळते ती तोफ.

तुमच्याकडे असे वाद ज्या शब्दांवरून होतात ते लिहा. आणि नुसता शब्द नको, वाद मिटवायचा कसा तेही लिहा.

विहीर_खटाव
त्याच वेढ्यातला सुरुंग घ्या की. हिंदीवाले सुरंग म्हणजे बोगदा म्हणतात, आपल्याकडे सुरुंग म्हटलं की धडाका. दोघंही बरोबर. वेढ्यात तटाखालपर्यंत आधी भुयार खणायचे, मग त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. काम एकच, टप्पे दोन. हिंदीने पहिला टप्पा धरला, मराठीने दुसरा. साताऱ्याला तर एका स्फोटात बुरूज बाहेरच्या बाजूला ढासळून मोगलांचीच माणसं गाडली गेली.

विहिरीच्या कामात आजही भोकाला भोक म्हणतात आणि भरून झालं की त्याचा सुरुंग होतो. भोकाच्या तोंडाशी माती नीट ठासली नसेल तर जोर वरच्या वर निघून जातो, आवाज मोठा आणि दगड जागच्या जागी.

लय_भारी_कराड
धाग्यावरच्या निम्म्या प्रतिसादांचं वर्णन केलंत राव 😂

मोडी_वाचक
चिमणपुरा, तुम्ही पहिल्याच ओळीत 'मजकूर' लिहिलंत म्हणून सांगतो. अरबीत त्याचा अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला तो'. जुन्या कागदात 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं गाव, 'साल मजकूर' म्हणजे चालू साल. लिहिलेला ऐवज हा अर्थ मागून आला.

वतनाचे कागद वाचायला घेतलेले लोक इथे हमखास घसरतात. 'मौजे मजकूरचे पाटील' याचा अर्थ 'मौजेच्या मजकुराचे पाटील' असा लावून मोकळे होतात. अशा कागदात तीन शब्द आधी बाजूला काढायचे. मौजे म्हणजे गाव, मौजमजेचा संबंध नाही. कसबे म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव. मशारनिल्हे म्हणजे आधी ज्याचं नाव आलं तो माणूस. हे आडनाव नाही. मशारनिल्हे आडनावाच्या माणसाची वंशावळ शोधणारेही भेटतात. एवढे तीन कळले की उरलेलं वाक्य आपोआप सुटतं. 'मजकूर इसम' तर कालपरवापर्यंत पोलिसांच्या कागदात होताच.

गोडोली_ताई
मी वाचतेय फक्त. कुकर लावलाय. पण 'शिक्षा' कुणीतरी घ्या, मुलाच्या हिंदीच्या पुस्तकावरून घरात रोज हसू होतं.

माणदेशी_मेंढरू
घ्या ताई. शिक्षा म्हंजे मूळ संस्कृतात शिकवणं. हिंदीनं ते ठेवलं, आपण मास्तरची छडी ठेवली. चेष्टा म्हंजे तिकडं प्रयत्न, हालचाल, आपल्याकडं टिंगल. आपत्ती म्हंजे हिंदीत हरकत, आपल्याकडं संकट. 'मुझे आपत्ति है' म्हणला की आमच्याकडं लोक पळत येतील मदतीला.

पण ह्यात मोठा घोळ राग शब्दाचा. संस्कृतात राग म्हंजे रंग, मग मन रंगणं, ओढ लागणं. मराठीत डायरेक संताप. त्यामुळं 'वीतराग' चा अर्थ लोक 'ज्याला राग येत न्हाई तो' असा सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५६ वा श्लोक काढा: 'वीतरागभयक्रोधः'. राग आन क्रोध एकाच समासात शेजारी बसलेत. एकच अर्थ आसता तर दोन्ही कशाला घेतले आसते? वादात ही युक्ती लई चालते. ज्या शब्दावर भांडण हाय त्याच्या शेजारचा शब्द बघायचा.

सांगलवाडी_सायकल
+१. पसायदानातल्या 'भूतां'बद्दल पण हेच. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, भुतांची मैत्री कशाला मागितली म्हणून. भूत = झालेलं, अस्तित्वात आलेलं, म्हणजे सगळे जीव. भूतदया शब्दात अजून तोच अर्थ जिवंत आहे. आज भूत म्हटलं की पिंपळच आठवतो.

शब्दकोश_शेल्फ
वाद मिटवायची रीत चिमणपुरांनी विचारलीय, ती कोणी लिहीत नाहीये, म्हणून सविस्तर.

पहिल्यांदा वाक्य मागायचं, पूर्ण, आणि ते कधीचं आहे ते. शब्दाचा 'खरा' अर्थ कोणता या प्रश्नाला उत्तर नसतं. १७०० च्या वाक्यात अर्थ काय, याला असतं. निम्मे वाद इथेच संपतात, कारण समोरच्याकडे वाक्यच नसतं.

मग काळानुसार कोश निवडायचा. यादवकाळ आणि आसपासच्या मराठीला तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. एकोणिसाव्या शतकाला मोल्सवर्थ. पहिली आवृत्ती १८३१, पण वापरायची १८५७ ची. त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून निघालेला. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश, १९२५. यातले मोल्सवर्थ, दाते आणि तुळपुळे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात रोमन अक्षर असतं: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी. ते आधी बघा. आणि एक धोका. मोल्सवर्थ अर्थांना साल देत नाही. पहिला दिलेला अर्थ म्हणजे सर्वांत जुना, असं समजून लोक ठोकून देतात, तसं नाही. जुनेपणा सिद्ध करायचा तर उदाहरण हवं. दाते-कर्वे बऱ्याच ठिकाणी ते देतात, 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, पुढे अध्याय आणि ओवी. ती ओवी उघडून स्वतः वाचायची. कोशाच्या पानाचा नुसता फोटो टाकून वाद जिंकता येतो, पण अर्थ कळेलच असं नाही.

मिरज_जंक्शन
शेल्फ, मी शोधतो तेव्हा शब्द सापडतच नाही. साइट बिघडलीय का?

तालमीतला_पोरगा
आमच्यात तालीम म्हणजे फक्त कुस्तीची. अरबी तालीम म्हणजे शिकवण. नाटकवाले पण तालीमच म्हणतात. आणि किताब! 'केसरीचा किताब' यातला किताब पुस्तकाचा नाही, तो खिताब, म्हणजे पदवी. दोन वेगळे अरबी शब्द मराठीत येऊन एकाच रूपात बसले. ह्याला अर्थ बदलला म्हणायचं नाही, दोन वेगळी माणसं एकाच नावानं फिरतायत.

नाट्यपंढरी
सांगलीला दोन्ही तालमी, कुस्तीच्या आणि नाटकाच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच सीतास्वयंवर उभं केलं. हल्लीची पोरं 'रिहर्सल' म्हणतात, मग तालीम पैलवानांनाच राहिली.

तालमीतला_पोरगा
राहू द्या की दादा. हौद्यात या एकदा. तांबडी माती चाळून घ्यायची, खडा राहिला की कातडं सोलतं. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. माती कोरडी पडली की धूळ उडून डोळ्यात जाते, जास्त ओली झाली की पाय सरकतो. मूठ दाबून सोडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे.

गोडोली_ताई
शब्दांच्या धाग्यावर मातीची रेसिपी 😄 शिट्ट्या झाल्या, येते परत.

हरिपूर_घाट
हळदीचं नाव निघालंच आहे तर, 'पेव'. 'क्लासेसचं पेव फुटलंय' असं लिहिणाऱ्याला पेव म्हणजे काय विचारा. बहुतेकांना साथीचा रोग वाटतो. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. आमच्याकडे हळद त्यातच साठवत. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, तोंड मातीने लिंपून बंद. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा माणूस मारते. आधी उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. साठा गेला, वाक्प्रचार राहिला.

वकिलीण_विटा
सुनावण्यांमधून लिहितेय, तुटक असेल.
तक्रार: अरबीत पुन्हा पुन्हा म्हणणं, उर्दूत भांडण, आपल्याकडे गाऱ्हाणं.
खुलासा: अरबीत सार, गोषवारा. आपल्याकडे 'खुलासा मागवला' म्हणजे नोटीस.
शिकस्त: फारसीत पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे कमाल. लढाईच्या जुन्या पत्रात 'शिकस्त जाली' दिसलं तर तिथे कोणी कमाल केलेली नाही, मार खाल्लेला आहे.
खालसा: सरकारच्या थेट ताब्यातला मुलूख. म्हणून १८४८ ला सातारचं राज्य 'खालसा' झालं, म्हणजे कंपनीने घशात घातलं.

आणि एक नावाचं. जुन्या कागदात 'जिल्हा सातारा' असलं की आजचा नकाशा काढू नका. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं सांगली झालं. वाळवा, तासगाव, खानापूर हे आधी साताऱ्यातच. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यातलं, म्हणून 'साताऱ्याचं प्रतिसरकार की सांगलीचं' हा वाद दर ऑगस्टला होतो. त्या वेळी सांगली जिल्हाच नव्हता, पुढची तारीख घ्या.

लय_भारी_कराड
कारखाना राहिला! शिवकाळात अठरा कारखाने म्हणजे कोठारं आणि खाती, तोफखाना, पीलखाना वगैरे. आमच्याकडे 'कारखाना' एवढंच म्हटलं की साखरेचाच, दुसरा असला तर नाव घेऊन सांगावं लागतं. आणि भारी म्हणजे जड होतं हो कधीकाळी.

कृष्णाकाठ_औदुंबर
अशोकाच्या लेखात 'पासंड' म्हणजे कोणताही पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं बाराव्या शिलालेखात आहे. त्याचंच पुढे पाखंड झालं. आणि 'देवानांप्रिय' ही त्याची बिरुदावली, ती नंतरच्या वैयाकरणांनी मूर्खाला लावली. शब्दांचंही नशीब असतं बुवा.

राजवाडा_चौपाटी
कंदी पेढ्याचं काय मग? एक म्हणतो कंद म्हणजे साखर, दुसरा म्हणतो इंग्रजांनी 'कँडी' म्हटलं. मारामारी असते दर दिवाळीला.

शब्दकोश_शेल्फ
इंग्रजांनी नाव ठेवल्याचा लेखी पुरावा दाखवा म्हटलं की शांतता होते. पण गंमत अशी की इंग्रजी कँडी हाच शब्द फ्रेंच-अरबी वाटेने फारसी 'कंद'वरून गेलाय, आणि तो कंद आपल्या 'खंड'वरून, खडीसाखरेतला. म्हणजे दोन्ही बाजू एकाच खड्यावर भांडतायत. जुळणाऱ्या आवाजावरून व्युत्पत्ती सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मधले टप्पे मागा.

राजवाडा_चौपाटी
टप्पे राहू द्या, पेढे ताजे आलेत.

मिरज_जंक्शन
माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर देईल का 🙏

शब्दकोश_शेल्फ
माफ करा, राहून गेलं. साइट ठीक आहे, लेखन जुनं आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, जुन्या कोशांत ते आहेत. 'काही' नाही मिळालं तर 'कांहीं' टाका, 'पेव' नाही मिळालं तर 'पेंव'. शेवटची वेलांटी पण बघा. 'नीती' ऐवजी 'नीति', 'गती' ऐवजी 'गति'. तरी नाही आला तर पहिली दोनच अक्षरं टाकून यादी खाली सरकवत जा.

मिरज_जंक्शन
'पेंव' आला!! आता 'मोरचा' टाकून बघतो.