सभा उधळली, खोळंबली की नाकारली?

कच्चा_मसुदा
मंडळी, एका क्रियापदापाशी चार दिवस अडून बसलेय. एका कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख मराठीत आणतेय. विषय असा की इंग्लंडातल्या विद्यापीठांत लिंगभावावरून कोणी काय बोलावं, कोणाला बोलू द्यावं, यावर झालेले तंटे. कॅथलीन स्टॉक ससेक्स विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, शरीराचं लिंग बदलत नाही आणि कायद्याने ते विसरू नये. यांना काढा म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि ऑक्टोबर २०२१मध्ये बाईंनी राजीनामा दिला. मूळ मजकुरात 'डीप्लॅटफॉर्म' (म्हणजे एखाद्याला बोलायला जागाच मिळू न देणं) सात वेळा आलंय. मी पहिल्या खर्ड्यात बेधडक 'सभा उधळली' लिहिलं. आमच्या सरांनी लाल गोल करून समासात विचारलंय, 'उधळायला सभा होती कुठे?' आता बोला.

पंचवटीकर
सर बरोबर. 'व्यासपीठ नाकारणे'. विषय संपला.

सिडको_सहावी_योजना
काका, तुमचे विषय फार लवकर संपतात.

जुनी_तांबट_लेन
'उधळणे' इतक्या सहज टाकून देऊ नका. घोडा उधळतो, गुलाल उधळतात, बापाचे पैसे पोरगा उधळतो आणि सभाही उधळते. चौघांत समान काय? एका जागी असलेलं चहूकडे जातं, परत गोळा होत नाही. माझ्या मते मुळात 'धूळ' आहे, उद्धूलन. १९०७चं सुरतेचं काँग्रेस अधिवेशन ही खरी उधळलेली सभा. मंचावर जोडा आला, काठ्या चालल्या, अधिवेशन तिथेच मोडलं. स्टॉकबाईंच्या बाबतीत असलं काय झालं?

कच्चा_मसुदा
ससेक्समध्ये नाही. पण लेखात पुढे ऑक्सफर्ड युनियन या तिथल्या वादसभेचा प्रसंग आहे, मे २०२३चा. बाई बोलत असताना एका निदर्शकाने सभागृहात जमिनीला स्वतःचा हात गोंदाने चिकटवला. पोलीस आले, सोडवलं, मग कार्यक्रम पुढे सुरू झाला.

जुनी_तांबट_लेन
मग ती उधळली नाही, खोळंबली. आपल्या नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, वसंत व्याख्यानमालेत वळवाचा पाऊस आला की खोळंबते तशी. फरक आहे.

सिडको_सहावी_योजना
हाताला गोंद लावून जमिनीला चिकटलेला माणूस म्हणजे उधळण्याच्या बरोब्बर उलट झालं ना काका. तो हललाच नाही 😄

भगूरचा_बाळ
नवी गोष्ट आली की नवा शब्द घडवावा, रडत काय बसायचं? आमच्या गावच्या सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिनांक' दिला. 'मंचबंदी' म्हणा. दारूबंदी, जिल्हाबंदी, नाकाबंदी, तशी मंचबंदी. स्वच्छ, सुटसुटीत.

सिडको_सहावी_योजना
'बंदी' फारसी आहे दादा. शुद्धीची सुरुवातच बाटलेली. आणि 'दिनांक' आला तरी आम्ही कोर्टात तारखेलाच जातो.

मुक्ताई_शिकते
मला 'व्यासपीठ' याच शब्दाची अडचण आहे. व्यासांचं पीठ, म्हणजे पुराणिकबुवांची बैठक. एक सांगणार, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं. आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेत 'विचारपीठ' छापतात. २०२१च्या डिसेंबरात नाशकात दोन साहित्य संमेलनं झाली होती, आठवतं ना? आडगावला अखिल भारतीय, त्याच दिवसांत इकडे विद्रोही. दोन्हीकडे जाऊन आले. एकीकडे सूत्रसंचालक 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणत होते, दुसरीकडे 'विचारपीठावरील साथी'. शब्दावरूनच कळायचं आपण कुठल्या मांडवात आहोत.

पंचवटीकर
म्हणजे नाकारायच्या आधी पीठ कुठलं ते ठरवा. गव्हाचं की बाजरीचं.

मुक्ताई_शिकते
हसा काका. पण 'मांडव' हा शब्द मी उगाच नाही वापरला. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये म्हणून केवढं रान पेटवलं होतं! मंडप जाळू म्हणेपर्यंत मजल गेली. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. तुमचं डीप्लॅटफॉर्म ते हेच. त्या वादाची मराठीतली आठवण मंडपाची आहे, व्यासपीठाची नाही. 'मंडप नाकारला' लिहा की.

कच्चा_मसुदा
मुक्ताई, हे झकास आहे! पण आजची पोरं 'मंडप' वाचून गणपती डोळ्यापुढे आणतील.

मुक्ताई_शिकते
आणू देत. गणपतीच्या मंडपात व्याख्यानंच व्हायची एकेकाळी.

वकिली_बंद
सगळं एका शब्दात कोंबायचा हट्ट का? चार वेगळी कृत्यं आहेत. एक, बोलावलंच नाही. त्यात गुन्हा काय? मी माझ्या घरच्या पूजेला कोणाला बोलवायचं हा माझा प्रश्न. दोन, बोलावून नंतर निमंत्रण मागे घेतलं. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने १९३६ साली डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर पाहून कचरले आणि परिषदच गुंडाळली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापलं. २०१९ला यवतमाळच्या संमेलनात नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण असंच मागे घेतलं. तीन, बाहेर उभं राहून घोषणा दिल्या. चार, आत शिरून बोलूच दिलं नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी संघटनेने १९७४ साली 'नो प्लॅटफॉर्म'चा ठराव केला तो वंशद्वेष्ट्या आणि फॅसिस्ट संघटनांपुरता होता. आता चारही प्रकारांना एकच बिल्ला लावतात आणि मग प्रत्येक बाजू सोयीचा प्रकार उचलते. निमंत्रण मागे घेतलं तर 'सभा उधळली' म्हणून बोंब, आणि सभा उधळली तर 'आम्ही फक्त निषेध नोंदवला'.

पंचवटीकर
वकीलसाहेब पॉइंट क्रमांक घालून बोलायला लागले की फी आठवते.

रात्रपाळी_सातपूर
तीन नंबरबद्दल बोलतो. घोषणा हेसुद्धा बोलणंच आहे की. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराच्या दारात माणसं बसली होती, त्याला आपण सत्याग्रह म्हणतो. सनातनी तेव्हा काय म्हणाले असतील? गोंधळ, दंगा, अडवणूक. नाशिककराने तरी हा फरक विसरू नये.

वकिली_बंद
ती माणसं 'आम्हाला आत घ्या' म्हणून बसली होती. ससेक्सची पोरं 'त्यांना बाहेर काढा' म्हणत होती. बसणं सारखं दिसतं म्हणून मागणी सारखी होत नाही.

दोन_नावांची
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. बाहेर कोण आहे हे कसं ठरवलं तुम्ही? कॉलेजात माझी हजेरी तीन वर्षं जुन्या नावाने घेतली. प्रत्येक तासाला अख्खा वर्ग मागे वळायचा. त्या वर्गात व्यासपीठ कोणाकडे होतं? मी घोषणा दिल्या नाहीत. हजेरीच्या वेळी बाहेर उभी राहायचे, नंतर आत यायचे, गैरहजेरी लागायची. मला स्टॉकबाईंनी बोलू नये असं वाटत नाही. बोलू देत, मी उत्तर देईन. पण 'चर्चा' म्हणता तेव्हा त्यांच्यासाठी तो विषय असतो आणि माझ्यासाठी हजेरीपट. शब्द शोधताय म्हणून आणखी एक टाकते. 'डेडनेम'ला, म्हणजे ट्रान्स व्यक्तीच्या आधीच्या नावाला, काय म्हणाल? 'मृत नाव' लिहितात ते मला अजिबात आवडत नाही.

मेनरोडची_मावशी
बाळा, माझं लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं आणि एका संध्याकाळीत मी दुसरीच झाले. पहिल्या नावाला आम्ही 'माहेरचं नाव' म्हणतो. तुझ्या त्या शब्दाला तेच म्हटलं तर? बायकांना लगेच समजेल.

दोन_नावांची
मावशी, तुम्ही फार मायेने सुचवलंत. पण माहेर म्हणजे जिथे परत जाता येतं ते. माझ्या त्या नावाकडे परतीची वाट नाही, मला तिथून घालवलं. आणि तुम्ही लग्नानंतर माहेरी गेल्यावर जुनं नाव ऐकून तुम्हाला बरं वाटत असेल ना?

मेनरोडची_मावशी
हो गं. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. परवा पोस्टात एक बाई ते नाव घेऊन भलत्याच कोणाला हाक मारत होती, मी वळले.
मग 'टाकलेलं नाव'?

दोन_नावांची
'टाकलेलं' चालेल. टाकलेल्या बाईला नवरा टाकतो, इथे मी टाकलंय. क्रियापद तेच, कर्ता फिरला. हे आवडलं.

भगूरचा_बाळ
'त्यक्तनाम' असा समास होतो.

सिडको_सहावी_योजना
दादा, बसा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
तुमच्यात मी शेतकरी माणूस, पण एक विचारतो. पुतण्याने एक भाषांतर दाखवलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये सांगितलं की तिथल्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री. त्यात 'जैविक मादी' छापलं होतं! मादी म्हैस असते हो. आणि 'जैविक' म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे ट्रायकोडर्माची, म्हणजे पिकावरच्या जैविक बुरशीनाशकाची, पुडी येते. दुसरं, आपल्या २०१९च्या कायद्याचं हिंदी नाव 'उभयलिंगी व्यक्ति' असं आहे. उभयलिंगी तर द्राक्षाचा फुलोरा. एकाच फुलात दोन्ही, म्हणून तर घड भरतो. माणसांना हे नाव कोणी लावलं?

मुक्ताई_शिकते
अगदी! मराठीत सरकारी कागदावर 'तृतीयपंथी' चालतं. पंथ कुठून आला? दीक्षा घेतलीय का? चळवळीतले लोक 'पारलिंगी' म्हणतात. सेक्सला 'लिंग' आणि जेंडरला 'लिंगभाव', एवढं आता अभ्यासकांत तरी ठरलंय.

जुनी_तांबट_लेन
ठरलंय कसलं. 'भाव' म्हणजे भावना, म्हणजे वाटणं. भाव, प्रभाव, स्वभाव, अभाव. हा प्रत्यय लावलात की अर्धा वाद शब्दातच निकाली निघतो. विरोधक म्हणणार, बघा, तुम्हीच म्हणता की हा नुसता भाव आहे.

मुक्ताई_शिकते
'स्वभाव' नुसतं वाटणं आहे का काका? ती घडण आहे. तुम्हाला हवा तेवढाच भाव काढू नका.

पंचवटीकर
कांद्याचा भाव काढा, लासलगावला उपयोग होईल.

मालेगावनी_वाट
मंडळी, प्रमाण मराठीत ही पंचाईत आहे की 'मी जातो' की 'मी जाते' हे तोंड उघडताच जाहीर करावं लागतं. आमच्या अहिराणीत बाई असो की बुवा, 'मी जास'. झालं. माझी आजी आणि आजोबा एकाच क्रियापदात शेतावर जायचे.

दोन_नावांची
घरी बोलणं बदललं तेव्हा सगळ्यात आधी क्रियापद पकडलं गेलं होतं माझं. नाव नंतर. 'मी जास' म्हणायची सोय असती तर दोन वर्षं मिळाली असती मला.

रंकाळ्यावरून
कोल्हापुरात आमच्या मुली 'मी आलो' म्हणतात, कोणाच्या भुवया वर जात नाहीत.

पंचवटीकर
कोल्हापुरात काहीही होतं.

रंकाळ्यावरून
म्हणजे काय? स्पष्ट बोला.

*(इथे कोल्हापूर विरुद्ध नाशिक यावर एकोणीस प्रतिसाद. मिसळीच्या तर्रीपर्यंत जाऊन आलेले. इच्छुकांनी उलगडून वाचावेत.)*

कच्चा_मसुदा
मला परवा मजकूर द्यायचाय हो! आणि आता दुसरा दगड आडवा आलाय. मार्च २०२५मध्ये तिथल्या उच्चशिक्षण नियामकाने ससेक्सला ५ लाख ८५ हजार पौंड दंड ठोठावला आणि विद्यापीठ त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. नियामकाचा आक्षेप निदर्शनांवर नव्हता, विद्यापीठाच्याच एका धोरणावर होता. शिकवण्याच्या साहित्यात ट्रान्स व्यक्तींचं चित्रण सकारात्मकच असावं असं त्यात होतं. त्याचा 'चिलिंग इफेक्ट' होतो म्हणे. कोणी प्रत्यक्ष अडवत नाही, पण माणूस आपणच गप्प होतो. 'गारठवणारा परिणाम' लिहिलं तर सर मला गोदेत सोडतील.

द्राक्षबाग_पिंपळगाव
गारठा आम्हाला विचारा. निफाडचा पारा उतरला की मणी तडकतात, पहाटे बागेत शेकोट्या कराव्या लागतात. पण गारठ्यात माणूस गप्प होत नाही. शेकोटीभोवती जास्तच बोलतो.

वकिली_बंद
'वचक'. मास्तर वर्गात नसतानाही पोरं ज्यामुळे गप्प बसतात ते.

मुक्ताई_शिकते
वचक कोणीतरी मुद्दाम बसवतं. इथे बसवणारा दिसत नाही. 'कचरणे' बरं. 'बोलायला कचरू लागले.'

दोन_नावांची
तीन वर्षं मी हजेरीला बाहेर उभी राहिले, ते काय होतं? वचक की कचरणं? तेव्हा नियामकाने कोणाला दंड केला नव्हता.

वकिली_बंद
प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

पंचवटीकर
वकिलाने हे लेखी दिल्याची नोंद घ्यावी.

कच्चा_मसुदा
मजकूर गेला मंडळी. ससेक्सला 'काढून टाकण्याची मागणी केली', ऑक्सफर्डला 'सभा खोळंबली', बाकी पाच ठिकाणी 'मंडप नाकारला', आणि तळटीप रानड्यांची. दंडाच्या वाक्यात 'कचरू लागले'. सरांनी मान डोलावली. मग अंकाच्या संपादक मंडळाकडून प्रूफ आलं. सातही ठिकाणी एकच शब्द आहे, 'राडा'. तळटीप जागेअभावी उडाली.

जुनी_तांबट_लेन
अरेरे. पण 'राडा' म्हणजे मुळात चिखल. राडारोड्यातला राडा. मारामारी ही मुंबईची भर.

सिडको_सहावी_योजना
मग आपल्या रंगपंचमीच्या रहाडीचा, म्हणजे रंगाच्या हौदाचा, आणि राड्याचा काही संबंध? तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारून बाहेर आलं की अंगावर राडाच असतो.

पंचवटीकर
काडीचा संबंध नाही. रहाड पेशवाईतली आहे.

जुनी_तांबट_लेन
पेशवाईत चिखल नव्हता का? थांबा, घरी जाऊन मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो.