संध्याकाळी सातनंतर पिल्लू आवरत नाही

मंडळी, नमस्कार.
आमच्याकडे तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे. दिवसभर गुणी, पण संध्याकाळचे सात वाजले की अंगात आल्यासारखं करतं. माझ्या मनगटांवर ओरखडे आहेत, सहा वर्षांची लेक सोफ्यावरून उतरत नाही आणि पुण्याहून आलेल्या सासूबाईंच्या पदराला ते लोंबकळतं. त्या म्हणतात, नाकावर टिचकी मार. मला ते करवत नाही. हे पुढे रागीट निघेल का?
– नेपरव्हिलहून

ताई,
रागीट नाही, बाळ आहे ते. पिल्लं जग तोंडानेच चाचपतात. त्यात आता दुधाचे २८ दात पडू लागतील आणि ४२ पक्के दात येईपर्यंत सहा-सात महिन्यांचं होईल. तोवर हिरड्या शिवशिवणारच.

आम्ही तीन लॅब वाढवले. पहिल्याला मी टिचकी मारली होती, त्याचं आजही वाईट वाटतं. चावणं थांबलं नाहीच, उलट हात जवळ आला की तो डोकं मागे घ्यायला लागला. हाताला भ्यायलेलं कुत्रं मोठेपणी भीतीपोटी खरंच चावू शकतं. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.

सातच्या धिंगाण्याचं कारण बहुतेक वेळा अपुरी झोप असते. एवढ्याशा पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. घरात माणसांचा राबता असला की ते जागंच राहतं आणि पेंगुळलेल्या मुलासारखं बिथरतं. तासभर जागं राहिलं की क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, वर चादर टाका, दीड-दोन तास निजू द्या. आमच्या दुसऱ्याचं निम्मं चावणं एवढ्यानेच गेलं.

चावलं तर हात झटकू नका. हलणाऱ्या गोष्टीवर ते आणखी झेपावतं. हात सैल सोडा, खेळ थांबवा, अर्धा मिनिट जाळीच्या दारापलीकडे जा. परत आल्यावर दोरीचं खेळणं पुढे करा. दिवसातून वीस वेळा करावं लागेल, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं. लेकीला शिकवा: हात छातीशी धरून, न ओरडता झाडासारखं उभं राहायचं. दोघांना एकटं मात्र सोडू नका.

हिरड्यांसाठी पंचा भिजवून, पिळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि समोर बसूनच चघळायला द्या. शिजवलेलं हाड नको, त्याच्या ठिकऱ्या होतात. खेळण्यात नख रुतलं पाहिजे. त्याहून कडक असेल तर दात तुटू शकतो.
– शॉमबर्गचा काका

काकांच्या पत्राला माझी जोड. जे चावतं ते गिळतंही. गेल्या दिवाळीत आमच्या पिल्लाने बेदाणे घातलेला लाडू पळवला. बेदाणे-मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून रात्री अकराला इमर्जन्सीत धावलो. वेळेत उलटी करवली म्हणून निभावलं. कांदा, चॉकलेटही नको. खेळण्यात पीनट बटर भरणार असाल तर डबा आधी वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे.
– ऑरोराहून

काका, ताई, मनापासून आभार. काल दुपारी दोनदा निजवलं. सातला चावलं, पण दहा मिनिटांत शांत झालं. पंचा सासूबाईंनी स्वतःच पिळून ठेवला. त्या विचारतायत, क्रेटवर त्यांची जुनी सुती साडी टाकली तर चालेल का?

चालेल की! फक्त वारा खेळायला पुढची बाजू उघडी ठेवा आणि काठ आत लोंबू देऊ नका.
– काका