रात्री खिडकीतून येणारा फोकसचा उजेड आणि बाबांचं विसरणं, संबंध असू शकतो का?

कासारवडवली_नववा_मजला:
नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. दिवाळीनंतर समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालं आणि तिथे दोन मोठे पांढरे फोकस लावलेत, ते थेट बाबांच्या खोलीत येतात, इतके की रात्री दोन वाजता लाइट न लावता मला कपाटातल्या ओढण्यांचे रंग ओळखता आले. बाबा ७३ वर्षांचे. आधी दहाला झोपले की पाचला उठायचे, आता दीड-दोनला उठून गॅलरीत बसतात आणि मग दुपारभर खुर्चीत डुलक्या. गेले तीन महिने नावं विसरतायत, दोनदा गॅसवर दूध ठेवलं आणि लक्षातच नाही, आणि परवा वर्तकनगरला आत्याकडे निघाले ते माजिवड्यालाच उतरून उभे राहिले, मग मला फोन केला. नवरा म्हणतो वय झालं की होतंच असं. मला नाही पटत. त्यात रात्रीच्या उजेडाचा अल्झायमरशी संबंध सापडला असं वाचलं आणि जीवाला घोर लागलाय. खरंच असं असतं का, आणि आता मी करू काय?

खाडीकाठचा_वाचक:
ताई, तुम्ही वाचलं ते बहुतेक शिकागोच्या रश विद्यापीठाच्या संशोधनाबद्दल, सप्टेंबर २०२४ मध्ये आलं होतं. त्यांनी अमेरिकेत कुठला भाग रात्री किती उजळ दिसतो याचे २०१२ ते २०१८ चे उपग्रहाचे आकडे घेतले आणि तिथे अल्झायमरचं प्रमाण किती ते ताडून पाहिलं. ६५ च्या पुढच्या लोकांत डायबेटिस, बीपी आणि स्ट्रोक यांचा संबंध उजेडापेक्षा जास्त निघाला, पण डिप्रेशन, लठ्ठपणा, किडनीचा जुना आजार यांच्यापेक्षा उजेडाचा जास्त. ६५ च्या आतल्यांमध्ये तर उजेडच सगळ्यात वर, आणि हे वाचून मीही दचकलो होतो.

पण उपग्रहाला फक्त रस्ता दिसतो, तुमच्या घरात जाड पडदा आहे की नाही ते त्याला कळत नाही. शिवाय जिथे झगमगाट तिथे धूर, हॉर्न, ट्रॅफिक सगळंच जास्त, आपला घोडबंदर रोडच बघा ना. म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच, एकीमुळे दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची (म्हणजे स्मृतिभ्रंशाची, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आहे, हवेचं प्रदूषण आहे, रात्रीचा उजेड नाहीये.

तरी शंका घ्यायला जागा आहे, कारण डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात, त्यांना चित्र दिसत नाही, त्या फक्त उजेड मोजतात, आणि निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या, सगळ्यात जास्त जागतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाला जातो की अजून दिवस आहे, मग रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबतं आणि झोप तुटते. झोपेत मेंदूतला दिवसभराचा कचरा जास्त वेगाने धुतला जातो, त्यात अल्झायमरमध्ये साचणारं बीटा अमायलॉइडही, असं २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांतच उलटं दिसलं, त्यामुळे त्यावर अजून वाद चालू आहे.

आणि ताई, हे महत्त्वाचं. तीन महिन्यांत एवढा फरक पडलाय तर सगळं फोकसवर ढकलून घरी बसू नका. आधी डॉक्टरकडे न्या, बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, कान तपासा, चालू गोळ्यांची यादी दाखवा. बी१२ कमी असल्याने विसरणारी माणसं मी जवळून पाहिलीयत, वेळेत कळलं तर सुधारतात.

नाइटड्यूटी_ऐरोली:
मी नर्स आहे, सोळा वर्षं नाइट करतेय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्येच शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला ‘बहुधा कॅन्सरकारक’ यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. मेंदूबद्दल एवढं ठाम कुणी म्हटलेलं नाही. पण नुसत्या एका रात्रीने काय होतं ते अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२२ मध्ये दाखवलं, धडधाकट तरुण माणसांना १०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेडात झोपवलं तर रात्री हृदयाचे ठोके वाढलेले आणि सकाळी इन्सुलिन नीट काम करेना. माणसं फक्त २० होती, पण डोळे मिटलेले असूनही हे झालं याचं मला फार वाटलं.

माझा उपाय स्वस्तातला आहे. खिडकीच्या काचेला आतून काळा चार्टपेपर चिकटवला, त्यावर जाड पडदा, आणि पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर मोठा घ्या, नाहीतर कडेने उजेड येतोच. बाबांच्या खोलीत झिरोचा बल्ब कुठल्या रंगाचा आहे? आपल्याकडे घरोघरी निळा लावतात, शांत वाटतो म्हणून, आणि नेमका तोच रंग नको असतो. लाल किंवा केशरी लावा, देवघरात असतो तसला.

नेरूळ_आईसोबत:
माझ्या आईला डिमेन्शिया आहे, सहा वर्षं झाली. वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट मला शिकायला फार जड गेली. वाचून वाचून मी घर इतकं अंधारं केलं की आई रात्री बाथरूमला जाताना उंबऱ्याला अडखळून पडली, मनगट मोडलं. म्हाताऱ्या माणसासाठी ठार अंधार म्हणजे दुसरं संकट आहे. आता मी पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत तीन केशरी छोटे दिवे लावलेत, माणूस हलला की लागणारे, डोळ्यावर अजिबात येत नाहीत.

आणि दिवसाचा उजेड विसरू नका हो. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा उजेड आत कमी पोचतो, आणि त्यातून ही माणसं दिवसभर बंद हॉलमध्ये टीव्हीसमोर. म्हणजे मेंदूला धड दिवस नाही आणि धड रात्र नाही. सांज झाली की आईची घालमेल व्हायची, पर्स घेऊन दाराशी उभी, मला घरी सोड म्हणायची, स्वतःच्याच घरात. मी तिला रोज सकाळी सातला ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाच्या बाजूने अर्धा तास फिरवते, दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली. आजार गेला नाही, जाणारही नाही. पण रात्री चार-पाच तास सलग झोपते, आणि ती झोपली की मी झोपते.

कासारवडवली_नववा_मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार. झिरोचा बल्ब निळाच निघाला, लगेच काढला. फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, रक्त दिलंय, बी१२ आणि थायरॉईडचा रिपोर्ट परवा येईल. साइटवरच्या सुपरवायझर दादांना वर बोलावून बाबांच्या पलंगावर बसवलं आणि लाइट बंद केला, दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी एक फोकस खाली झुकवून दिला, दुसरा क्रेनच्या दिव्यांवर अवलंबून आहे म्हणाले, त्यासाठी सोसायटीकडून लेखी पत्र देतोय. काल बाबा तीनला उठले, दीडला नाही. नेरूळच्या ताई, ते जमिनीलगतचे दिवे सेलवरचे आहेत की प्लगचे? आमच्या पॅसेजमध्ये खाली पॉइंट नाहीये.