चोराचा हात छाटला की चोऱ्या थांबतात का?

सिडकोकर: सातपूरला मित्राची बाईक गेली, तेव्हापासून ग्रुपवर एकच रट, हात छाटा म्हणजे सरळ होतील सगळे. इस्लामी कायद्यात खरंच चोरी केली की लगेच हात कापतात का? आणि फरक पडतो का त्याने?

गोदाकाठ: लगेच नाही हो. कुराणात (५:३८) शिक्षा आहे, पण फिकहवाल्यांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, अटी एवढ्या लावल्यात की बरेच चोर त्यात बसतच नाहीत, माल ठराविक किमतीच्या वर पाहिजे, हनफी पंथवाले १० दिरहम (चांदीची नाणी) धरतात, बाकीचे पंथ बहुतेक पाव दिनार (सोन्याचं नाणं), शिवाय तो नीट बंदोबस्तात ठेवलेला पाहिजे, दोन साक्षीदार किंवा कबुली, आणि जरा शंका आली की हद्द, म्हणजे ही ठरलेली शिक्षा, बाद, मग काझी ठरवेल ती हलकी शिक्षा. खलिफा उमरने तर दुष्काळात हात कापणं थांबवलं होतं असं सांगतात.

काळाराम_चौक: पाकिस्तानात १९७९ पासून हा कायदा आहे, शिक्षा सुनावल्याही, पण हात कोणाचा कापला नाही. आणि इंग्लंडात १८०८ पर्यंत खिसा मारला तरी फाशी व्हायची, म्हणून काय खिसेकापू संपले? इटलीचा विचारवंत बेक्कारिया १७६४ मध्येच सांगून गेलाय, शिक्षा किती कडक यापेक्षा पकडले जाणार हे नक्की पाहिजे. सौदीत चोऱ्या कमी असतील तर त्यात पैसा किती, पोलीस किती आणि कापाकापी किती, हे वेगळं करणार कसं?

द्वारका_सर्कल: ते ठीक, पण धाक नको का? आपल्याकडे आता पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केला की समाजसेवा.