हीथ्रोला उतरा, गॅटविकहून उडा: मधल्या प्रवासाचे अनुभव

माणगंगा
काल भाच्याचं तिकीट बघितलं आणि पोटात गोळाच आला. मुंबईहून हीथ्रो, पुढचं विमान गॅटविकहून, मध्ये जेमतेम चार तास. "दोन्ही लंडनच ना, मावशी!" लग्नानंतर आम्ही दोघं असेच एका विमानतळाहून दुसऱ्याकडे जाताना एम-२५ वर, म्हणजे लंडनभोवतीच्या रिंगरोडवर, बसमध्ये अडकलो होतो. पुढची बाई मांडीवर बाळ घेऊन सारखं ड्रायव्हरला विचारत होती, तो नुसता समोरच्या लाल दिव्यांच्या रांगेकडे बोट दाखवायचा. रस्त्याने अंतर ६५ किमीच्या आसपास, मोकळा असेल तर तास-सव्वा तास. पण आधी इमिग्रेशन, बॅगा, आणि तिकडे पुन्हा चेक-इन. तुमचे असले अनुभव लिहा, नव्याने जाणाऱ्या पोरांना उपयोग होईल.

रानजाई
व्हिसा बघितला का त्याचा??? विमानतळाबाहेर पडायचं म्हणजे भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका-कॅनडाचा वगैरे व्हिसा असेल तर अटींवर सूट मिळते. माझ्या मैत्रिणीला मुंबईच्या काउंटरवरच थांबवलं होतं, बिचारी तिथेच रडली.

दगडूशेठचा_भक्त
बसच्या नादाला लागूच नये. २०२२ पासून एलिझाबेथ लाइनची रेल्वे आहे. हीथ्रोहून फॅरिंग्डन स्टेशन, तिथे थेम्सलिंकची गाडी पकडायची, ती थेट गॅटविकला. दीड तास धरा.

कोकणकडा
पॅरिसचं लिहितो. शार्ल द गॉल विमानतळ उत्तरेला, ओर्ली विमानतळ दक्षिणेला, मध्ये अख्खं शहर. सासूबाईंचे गुडघे दुखणारे, आणि आरईआर-बी या लोकलने अँटोनीला उतरून पुढे ओर्लीव्हाल ही विमानतळाची छोटी गाडी. प्रत्येक जिन्यापाशी त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग कठडा घट्ट धरायच्या. फार जीव तुटला. जून २०२४ पासून मेट्रो १४ ओर्लीपर्यंत जाते, शातले स्टेशनला एकदाच बदलायचं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनो, तरी टॅक्सीच करा.

शेवगा
@कोकणकडा सासूबाई आता कशा आहेत? माझ्या आईला नी-कॅपने खूप आराम पडला.

कोकणकडा
ऑपरेशन झालं ताई, आता रोज बागेत फिरतात :)

पोर्तुगालकर
जरा वेगळं. लिस्बन-माद्रिद विमानाच्या तिकिटावर जाताना सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात, येताना वीस-पंचवीस मिनिटं! माद्रिदचं घड्याळ एक तास पुढे, एवढंच. प्रवास दोन्हीकडून सव्वा तासाच्या आसपासचाच. आई-बाबांना विमानतळावर आणायला जाणाऱ्यांनो, स्थानिक वेळ धरा.

इंद्रायणी_काठ
अ‍ॅम्स्टरडॅमलाही उतरलो म्हणजे पोचलो असं नाही. पोल्डरबान या लांबच्या धावपट्टीवर उतरलं की टर्मिनलपर्यंत विमान पंधरा-वीस मिनिटं चालतच राहतं. खिडकीतून खाली हायवेवरच्या गाड्या दिसतात, लेक टाळ्या पिटत होती. कुकर झालाय, बाकीचं नंतर.

दगडूशेठचा_भक्त
आणि स्कॉटलंडमध्ये ऑर्कनीला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किमी, वेळापत्रकात २ मिनिटं. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. एकदा जायचंय!

शेवगा
आमच्या सोसायटीच्या गेटपासून रिक्षा स्टँड त्याहून लांब वाटतो पावसात 😄

माणगंगा
@रानजाई व्हिसा नाहीये गं! आत्ताच फोन केला. एजंट हीथ्रोहूनच पुढचं, एकाच बुकिंगवरचं तिकीट बघतोय, पैसे थोडे जास्त जातील. एअरसाइड, म्हणजे इमिग्रेशनच्या आतच, राहिलं तरी भारतीयांना वेगळा व्हिसा लागतो का, कुणी हल्लीच गेलंय?

रानजाई
हो, बहुतेकांना लागतो. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवर त्याचं राष्ट्रीयत्व टाकून आजच तपास, लिंक व्यनि करते.