मदत हवी आहे: कुंडीतला वाळा साप, ब्रॅमिनस की पोरेक्टस?

साताऱ्यात घरी तुळशीची कुंडी बदलताना मातीत वाळा (गांडुळासारखा दिसणारा बारीक साप) सापडला, गांडूळ नाही, जीभ बाहेर काढत होता आणि शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा स्पष्ट दिसतोय. लांबी साधारण वीतभर, रंग काळपट तपकिरी. थूथन गोल आहे, चोचीसारखं वाकलेलं नाही, म्हणून चंचुवाळा बाद केला.

आता अडलंय ते पुढे, वाळ्याच्या ब्रॅमिनस आणि पोरेक्टस या दोन जातींपैकी हा कुठला. इंडोटायफ्लॉप्स ब्रॅमिनसला अंगाभोवती खवल्यांच्या 20 रांगा असतात आणि पोरेक्टसला 18, एवढं माहितीये. सगळे ब्रॅमिनस मादीच असतात, नराशिवाय अंडी घालतात, त्यामुळे कुंड्यांच्या मातीतून एकटा जीव गेला तरी तिकडे वाढतो, म्हणून इथेही तोच असण्याची शक्यता जास्त, पण नुसत्या शक्यतेवर नोंद टाकायची नाहीये मला. जुन्या यादीत इंडोटायफ्लॉप्सऐवजी टायफ्लॉप्स किंवा रॅम्फोटायफ्लॉप्स लिहिलेलं असतं, ते 2014 च्या आधीचं नाव, तो गोंधळ नाहीये.

मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून काचेच्या बरणीतून फोटो काढले, पण खवले इतके गुळगुळीत की फ्लॅशने सगळं चमकतं, आणि एका फोटोत अंगाची एकच बाजू येते त्यामुळे रांगा मोजताना दरवेळी गडबड होते. त्याला मारायचं किंवा स्पिरिटमध्ये घालायचं नाही, आज ओल्या मातीत ठेवलाय, उद्या परत सोडणार.

तर जिवंत सापाच्या रांगा फोटोवरून खात्रीने मोजायच्या कशा, आणि ते नाहीच जमलं तर नाकपुडीजवळच्या खवल्याची शिवण कुठल्या खवल्याला टेकते यावरून हे दोन वेगळे ओळखता येतात का?