ग्रामसभेत मोबाईल वर धरायचा की खिशात ठेवायचा?

पाखाडीवरचा
१ मेच्या ग्रामसभेत आमच्याकडे एक ठराव येतोय. परवानगीशिवाय सभेचं आणि देवस्थानच्या कार्यक्रमांचं मोबाईलवर चित्रीकरण करायचं नाही, असा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पहिल्या दहा प्रतिसादांत भावकी उतरेल आणि विषय राहील बाजूला.

ठराव कशामुळे आला ते सांगतो. वाडीतला एक पोरगा, आयटीआय झालेला, गावचे व्हिडिओ टाकतो. आंब्याचा मोहोर, नमनाची तालीम, कुणाच्या विहिरीत बिबट्या पडला, असलं काहीबाही. २६ जानेवारीच्या सभेत पाखाडीच्या (चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट) कामाचा विषय निघाला. ‘काम पूर्ण, बिल अदा’ असं वाचून झालं. दुसऱ्या दिवशी हा पाखाडीच्या वरच्या टोकाला उभा राहिला, मोबाईल पायांकडे धरला आणि पायऱ्या मोजत उतरला. भाष्य नाही, मागे गाणं नाही. त्याची चप्पल, चिऱ्याच्या पायऱ्या आणि आकडे. अठ्ठावीसला पायरी संपली आणि लाल माती सुरू झाली. कागदावर साठ आहेत. गाव नऊशेचं, व्हिडिओ पाहिला अकरा हजारांनी.

मग शिमग्यात त्यानेच पालखीचा व्हिडिओ टाकला. त्यात जे झालं ते वाईट झालं, मी झाकत नाही. पण पायऱ्यांचा राग पालखीच्या नावावर काढला जातोय. देवळात मोबाईल नको म्हणा, मी हात वर करीन. सभेत मात्र हवाच. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) इतिवृत्तात ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहितात. त्या दिवशी अर्धा तास भांडण चाललं होतं. एकाने तर खुर्ची उचलली होती. ती खुर्ची कुठल्या इतिवृत्तात आहे?

जुना वार्ताहर
तीस वर्षं तालुका वार्ताहर होतो. बातमीचं पाकीट रातराणी एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, पुढे छापून येईल की नाही ते ग्रामदेवतेला माहीत. तेव्हा मोबाईल असता तर मीही नाचलो असतो, त्यामुळे म्हातारा म्हणून उडवून लावू नका.

पायऱ्या मोजल्या, छान केलं. अंदाजपत्रक पाहिलं का? पाखाडीची कामं बऱ्याचदा तुकड्यांत होतात, एक तुकडा देवळाकडे, दुसरा विहिरीकडे. शाखा अभियंत्याला फोन केला? सरपंचांना ‘तुमचं म्हणणं काय’ विचारलं? हे न करता टाकलेल्या व्हिडिओला मी बातमी म्हणत नाही. पाखाडीवर उभं राहून मारलेली हाळी आहे ती.

बाळशास्त्री जांभेकर आमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण काढलं, म्हणून त्या तारखेला आपण पत्रकार दिन करतो. हल्ली त्या दिवशी सत्काराची शाल घ्यायला माईकवाले चाळीस जण हजर असतात आणि वर्षभरात तालुक्याची धड बातमी एखादी.

पाखाडीवरचा
अंदाजपत्रक पाहिलं नव्हतं, कबूल. पण तुमच्यासारखंच एकाने गावात सुनावल्यावर तो परत गेला. विहिरीकडच्या तुकड्यात एकोणीस निघाल्या. म्हणजे सत्तेचाळीस. तेरा तरीही नाहीत. ‘माझी मोजणी अर्धवट होती’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणून त्याने दुसरा व्हिडिओ टाकला. किती वार्ताहर असं करतात?

जुना वार्ताहर
दुसरा किती जणांनी पाहिला?

पाखाडीवरचा
सहाशे.

जुना वार्ताहर
बस. मला एवढंच म्हणायचं होतं.

चाकरमानी नालासोपारा
तुम्ही पायऱ्यांवर भांडा, मी पालखीचं सांगतो. बाबांचा उजवा भाग गेलाय, तीन वर्षं अंथरुणात. यंदा आमच्या गावच्या एका मुलाने पालखी सहाणेवरून (पालखी बसवतात तो ओटा) उठतानाचं थेट दाखवलं. रेंज जात होती, चित्र अडकत होतं, ढोल पुढे आणि पालखी मागे अशी गंमत. बाबांनी डावा हात कपाळाला लावला. मोबाईलला! आईने त्याच्यासमोर नारळ ठेवला. मी हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

देवळाच्या कौलांसाठी वर्गणीही त्या व्हिडिओखालीच जमली. मुंबईकरांनी पैसे द्यायचे आणि बघायचं मात्र नाही, हा कुठला न्याय? आणि ठराव येणारच असेल तर १ मेला आम्ही सगळे गावी असतो, आम्हालाही हात वर करू द्या.

तालुका कोर्टातला
हात वर करायला गावच्या मतदार यादीत नाव लागतं. ग्रामसभा म्हणजे यादीतले मतदार, बाकीचे पाहुणे. कौलांचे पैसे कितीही दिले तरी.

बाकी थोडक्यात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जे कमी असेल ते. भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. महत्त्वाचे ठराव याच फटीतून सरकतात, तेव्हा व्हिडिओवर भांडण्याआधी माणसं जमवा. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मोजलेली नोंद) प्रत १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. मोजमाप पुस्तिका व्हिडिओपेक्षा कंटाळवाणी असते, पण ठेकेदार तिलाच घाबरतो. आणि कुणाला ‘चोर’ म्हणून मथळा दिलात तर भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ आहे. पायऱ्या मोजणाऱ्या पोराने भाष्य केलं नाही हे शहाणपण. कळून केलं की नकळत, देव जाणे.

माहेर_सहाणेजवळ
चाकरमानी दादा, तुमच्या बाबांचं वाचून बरं वाटलं. आता दुसरी बाजू ऐका. पाखाडीवरचा यांनी ‘वाईट झालं’ म्हणून दोन शब्दांत उरकलंय ती माझी मावशी.

शिमग्याला पालखी नाचवताना तिच्या अंगात वारं येतं. लहानपणापासून बघतेय. केस सुटतात, लुगड्याचा पदर बाजूला जातो, आजूबाजूच्या बायका लगेच कडं करतात, कुणीतरी पदर सावरतं, हळद लावतात, पाणी देतात. दोन मिनिटांत ती परत आमची मावशी. गावात आजवर कुणी त्यावर दुसऱ्या दिवशी बोललेलं मला आठवत नाही. बोलायचंच नसतं.

व्हिडिओत बायकांचं कडं नाही. मोबाईल त्यांच्या डोक्यांवरून वर धरलेला आहे. मूळ व्हिडिओ सतरा मिनिटांचा होता आणि त्यात वाईट काही नव्हतं हे मीही मानते. पण त्यातले पंधरा सेकंद कुणीतरी कापले, खाली डीजेचं गाणं लावलं, हसण्याची चिन्हं टाकली. पोराने स्वतःचा व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला, घरी येऊन पाया पडला. कापलेला तुकडा कोण काढणार? मावशीचा नातू कांदिवलीला शाळेत आहे. त्याच्या वर्गातल्या मुलाने त्यालाच दाखवला, ‘तुमच्या गावचं भूत बघ’ म्हणून.

पालखी घरोघर फिरत दारात आली तेव्हा मावशी बाहेर आली नाही. माजघरातून हात जोडले. ओटी सुनेने भरली.

पाखाडीवरचा
माफ करा. मी घाईत लिहिलं.

दर्यावर्दी मालवण
सगळा वाचलंय. आमच्याकडची गजाल सांगतंय. एलईडी लायटीवरच्या मासेमारीक २०१७ पासून बंदी आसा. कागदार. रातीक दर्यात बघलास तर समोर जत्रा भरली काय असा वाटता, इतको उजेड. आमी फोन करुचो, सायब गस्ती नौका धाडतलो, ती येयपर्यंत लायटी बंद, आणि मगे आमकाच विचारतले, पुरावो खय? तेव्हापासून पोरा होडयेतसून व्हिडिओ काढतत. नौकेचो नंबर दिसाक व्हयो म्हणान जवळ जावचा लागता, अंगार येतत ते. पण एकदा नंबर दिसलो काय ‘पुरावो खय’ म्हणूक जागा रवणा नाय. पेपरवालो येतलो काय रातीचे दोन वाजता आमच्यावांगडा दर्यात? तुमी अंदाजपत्रक बघीत बसा.

जुना वार्ताहर
नाही येणार, आणि मी तरी कुठे गेलो होतो? किनाऱ्यावर बसून ‘मच्छीमारांचा आरोप’ असं लिहायचो. ते मान्य. पुरावा म्हणून मोबाईलला माझा विरोध नाही. त्याच मोबाईलवर मथळा, संगीत आणि लाल बाण आले की माझं डोकं फिरतं.

वाशिष्ठीकाठचा
लाल बाणावरून आठवलं. चिपळुणात दर जुलैत पाऊस जरा लागला की २२ जुलै २०२१ च्या पुराचा एखादा व्हिडिओ ‘चिपळूण, आत्ताची परिस्थिती’ म्हणून फिरायला लागतो. एसटी स्टँड पाण्यात, गाड्यांचे नुसते टप. ठाण्याहून बहिणीचा रडत फोन येतो आणि मी ओटीवर कोरड्या पायांनी चहा पीत असतो. खऱ्या पुराच्या दिवशी वीज गेलेली, मोबाईल मेलेले, माळ्यावर बसलेल्या माणसाला बाहेर कळवायची सोय नव्हती. हवा होता तेव्हा नाही आणि नको तेव्हा दर वर्षी. माझं मत ठरावाच्या बाजूने. गाव कुठलंही असो.

रेंजच्या_शोधात
इथे सगळे ‘पोरगा’, ‘पोरगा’ म्हणतायत. मी दुसऱ्या तालुक्यातला तसलाच पोरगा. वय २६, मोबाईल हप्त्यावर, पेट्रोल स्वतःचं.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं लागतं. माझा आमसभेचा दीड तासाचा व्हिडिओ लोक सरासरी चाळीस सेकंद बघतात. कोंबडी-वड्यांचा शेवटपर्यंत बघतात, वर आजीला नमस्कार सांगतात. म्हणजे आमच्याकडे खड्ड्यांच्या बातमीचा खर्च आजीचे वडे चालवतात. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही मी टाकल्यात, पैसे घेऊन. जुन्या वार्ताहरांच्या वेळी पुरवण्या निघायच्या, त्या फुकट निघत नव्हत्या.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. सदस्यच नव्हते, तर लोक साकवाची (ओढ्यावरचा छोटा पूल) तक्रार घेऊन माझ्या घरी! मी काय सभापती? पण जाऊन व्हिडिओ केला आणि आठवड्यात खडी पडली. त्या दिवशी लय भारी वाटलं. त्याच रात्री एका अनोळखी नंबरवरून ‘घरी कोण कोण असतं तुझ्या’ असं विचारणारा फोन आला.

राजापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडलं. रिफायनरीबद्दल लिहीत होते, खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. त्यांच्यासाठी पत्रकार संघटना रस्त्यावर तरी उतरल्या. माझ्याकडे ओळखपत्र नाही, संपादक नाही. ठराव झाला तर सभेतून बाहेर काढताना निदान कागद दाखवतील, एवढाच फरक.

वॉर्ड क्रमांक दोन
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरची. नवरा लिहीत नाहीये, मीच लिहितेय, हे आधी सांगते कारण पुढचा प्रतिसाद तोच येणार.

देवळात नको आणि सभेत हवा, ही वाटणी पुरुषांना सोपी वाटते. आमच्या महिला सभेत गेल्या वर्षी दारूचा विषय होता. अकरा बायका बोलणार होत्या, आदल्या दिवशी अंगणवाडीत बसून ठरवलं होतं. एका मुलाने चांगल्या मनाने मोबाईल वर केला, ‘ताई, व्हायरल करतो’ म्हणाला. दोघी बोलल्या. बाकीच्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत बसल्या. सभेत काय बोलली ते नवऱ्याने रात्री मोबाईलवर बघायचं आणि तिने उत्तर द्यायचं, हे घरात कुणाला परवडतं? सरपंचाला कॅमेऱ्याची भीती वाटावी यात मला आनंदच आहे. पण त्याच्याआधी आम्हीच गप्प होतो.

पाखाडीवरचा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मोबाईलचं तोंड फक्त टेबलाकडे ठेवायचं का? सरपंच, अधिकारी, वाचलं जाणारं इतिवृत्त, एवढंच. बोलणाऱ्या लोकांकडे वळवायचा नाही.

वॉर्ड क्रमांक दोन
आवाज येतोच की. गावात आवाजावरून गाय ओळखतात, बाई ओळखणार नाहीत? महिला सभा पूर्ण वगळा आणि मुख्य सभेत टेबलापुरतं ठेवा, तर मी ठरावाच्या विरोधात हात वर करीन. नाहीतर बाजूने.

माहेर_सहाणेजवळ
आणि पालखीचं? चाकरमानी दादांच्या बाबांना दिसू दे, माझी ना नाही. पालखी दाखवा, ढोल दाखवा. वारं आलं की मोबाईल खाली. हे सांगायला ठराव लागतो याचंच हसू येतं.

चाकरमानी नालासोपारा
ताई, बाबांनाही तेच आवडेल.

तालुका कोर्टातला
मग विरोध नुसता करू नका, उपसूचना, म्हणजे ठरावातली दुरुस्ती, लिहून द्या. तोंडी दिली तर इतिवृत्तात ‘चर्चा होऊन’ होईल.

पाखाडीवरचा
आज रात्री लिहितो. आंब्याची काढणी चालू आहे, कोरम भरेल असं वाटत नाही, पण पंधरा जणांना गाडीत घालून आणायचं ठरवलंय.

जुना वार्ताहर
माहिती अधिकाराचा अर्ज टाकला का? त्या तेरा पायऱ्यांचं काय?

पाखाडीवरचा
अर्ज सोमवारी दिला, पोच मिळाली. पायऱ्यांच्या जागी मातीच आहे. बघायला या, पण पावसाआधी. नंतर याल तर बसून उतरावं लागेल.